वीस मिनिटं आणि दोन घोट पाणी : वेळापत्रक आखणाऱ्यांना खुले पत्र

मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शाळा चालवणारी मंडळी आणि शिक्षण खात्यातले अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही एक मोठा कागद पसरता, त्यावर चौकटी आखता आणि प्रत्येक चौकटीत कुणाचं तरी नाव, कुठला तरी विषय बसवता. माझ्या नावापुढे त्यातली दिवसाला एखादी चौकट मोकळी सुटते. आम्ही तिला ऑफ तास म्हणतो. पत्रास कारण की, ती चौकट रिकामी आहे असं तुम्हाला वाटतं. खरं सांगायचं तर तेवीस वर्षांतली बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

पगार, बढती, बदल्या यांविषयी इथे एक शब्दही नाही, तेव्हा पुढचं वाचायला हरकत नसावी.

त्या पस्तीस मिनिटांत दोन कामं होतात, जी दिवसभरात दुसरीकडे कुठेच होत नाहीत. ज्या मुलाला वाचता येत नाही तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसतो. आणि मी पाणी पिते, स्वच्छतागृहात जाऊन येते, आवाज न चढवता माणसासारखी बोलते. कुणी सहकारी गैरहजर असले की सकाळी शिपाई वही घेऊन येतो. वहीत लाल शाईने 'बदली तास' लिहिलेलं असतं. मी खाली सही करते आणि दोन्ही कामं तिथेच संपतात. गेल्या वर्षी एक महिना मी डायरीत नोंद ठेवली. चोवीस ऑफ तासांपैकी सतरा गेले. उरलेल्या सातांतले दोन मी स्वतःच वह्या तपासण्यात घालवले, हेही कबूल करायला हवं. म्हणजे त्या मुलाच्या वाट्याला महिन्यात पाच वेळा बाई आल्या.

तो मुलगा चौथीत माझ्याकडे आला तेव्हा मला दीड महिना पत्ता लागला नाही. धडा वाचायला उभा केला की घडाघडा म्हणायचा. एकदा तो 'वाचत' असताना त्याची नजर खिडकीबाहेर गेलेली दिसली, आणि वाचन तसंच चालू! मी जवळ गेले, पान उलटलं आणि एका ओळीच्या मधोमध बोट ठेवलं. तो गप्प झाला. कान लाल झाले. पुढच्या बाकावरची मुलगी वाचताना ऐकून ऐकून त्याने अख्खा धडा पाठ केला होता. एवढी स्मरणशक्ती, एवढी युक्ती त्याने तीन वर्षं एकाच कामात खर्च केली होती : आपल्याला वाचता येत नाही हे कुणाला कळू नये.

ऑफ तासाला मी त्याला शेजारी बसवलं आणि त्याने कधीही न ऐकलेली एक छोटी गोष्ट वाचून दाखवली. मग प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर, वर गोष्टीतल्या म्हाताऱ्याने असं का केलं याबद्दल त्याचं स्वतःचं मत. तीच गोष्ट त्याच्यापुढे ठेवली तर तिसऱ्या शब्दाला गाडी अडली. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे अगदी साध्या गणितात मांडलं होतं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्य. या मुलाची भाषेची बाजू भरभक्कम होती. दुसऱ्या एखाद्या मुलाचं नेमकं उलटं असतं. तो खडखडीत वाचतो आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. दोघांना एकाच 'मागे पडलेल्या मुलांच्या' वर्गात बसवून एकच पुस्तक देणं म्हणजे ताप आणि मोडलेला हात यांना एकच गोळी देण्यासारखं आहे. कोण कुठे अडलाय हे कळायला पाच मिनिटं पुरतात. फक्त ती पाच मिनिटं एका मुलाबरोबर एकट्याने मिळावी लागतात. अठ्ठेचाळीस मुलांसमोर ती मिळत नाहीत.

आपली लिपी नियमाची आहे, दिसतं तसं वाचायचं, मग यात अवघड ते काय, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं होतं. विचारणारे सज्जन होते. त्यांना स्वतःला वाचायला शिकल्याची आठवण उरलेली नाही, एवढंच. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं धरली तरी चारशे आठ आकार होतात. जोडाक्षरं अजून यायचीच आहेत. त्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व एकमेकांचे भाऊ शोभतील असे. पहिली वेलांटी तर लबाडच : 'कि' मध्ये डोळ्याला ती आधी दिसते आणि तोंडाने ती नंतर म्हणायची. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चार त्याच्या आधी. 'च' आणि 'ज' दोन-दोन तऱ्हांनी म्हणायचे आणि कुठे कुठला ते अक्षर सांगत नाही. मोठ्यांना हे सगळं पोहण्यासारखं अंगात मुरलेलं असतं. जे मूल अजून पाण्याच्या काठावर उभं आहे त्याला प्रत्येक अक्षर वेगळं कोडं आहे. बाराखडी चालीवर म्हणता येणं हे वाचन नव्हे, ते पाठांतर आहे. माझा विद्यार्थी बाराखडी झोपेतही म्हणायचा. 'के' कुठे आहे दाखव म्हटलं की 'क, का, कि, की' असं म्हणत बोट सरकवत तिथवर जायचा.

म्हणून ऑफ तासातली आमची वीस मिनिटं पुस्तकापासून सुरू होत नाहीत, कानापासून होतात. 'कमळ' मधला 'क' काढला तर काय उरलं? मळ. 'वारा' मधल्या 'वा' च्या जागी 'ता' ठेव. तारा. पाच मिनिटं हा खेळ. मग दोनच अक्षरं, शेजारी शेजारी, घ आणि ध. कुठे गाठ, कुठे मोकळं, हवेत बोटाने, मग कागदावर. आणि मग एक परिच्छेद, साठ-सत्तर शब्दांचा, तोच तो, तीन-चार दिवस. सॅम्युएल्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये ही पुनर्वाचनाची रीत मांडली, तेव्हापासून ती जगभर वापरली जाते. सोमवारी तो परिच्छेद म्हणजे खडीचा रस्ता असतो. गुरुवारी त्यावरून सायकल जाते. हे मुलाला स्वतःला जाणवतं, त्यासाठी मला शाबासकीसुद्धा द्यावी लागत नाही. मात्र यात सोमवार, मंगळवार, बुधवार सलग मिळाले पाहिजेत. आठवड्यातून एकदा सलग दीड तास मुलाला बसवून तो परिणाम येत नाही. शनिवारी जादा तास घ्या असं तुम्ही सुचवता त्याला माझी हरकत एवढ्याचसाठी आहे.

आता या पत्रातली मुख्य गोष्ट. अडलेल्या मुलाला शिकवताना सगळ्यात कठीण काम कुठलं असेल तर थांबणं. मूल शब्दापाशी अडखळतं, ओठ हलतात, आणि तुम्ही गप्प राहायचं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली संभाषणं मोजली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि सुधारतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही ना? सलग सहा तासिका उभ्याने घेतल्यावर, घसा कोरडा, पोट ताणलेलं, डोकं ठणकतंय अशा वेळी तीन सेकंद थांबून बघा. मी थांबत नाही. त्याने 'वि' म्हटलं की मी 'विहीर' म्हणून मोकळी होते. मुलगा हुशार आहे, आपण पाहिलंच. आठवडाभरात त्याने ओळखलं की पहिलं अक्षर म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघितलं की पुढचं काम बाई करतात. माझा थकवा थेट त्याच्या न वाचण्यात उतरला. मधे दुसरं काहीही नव्हतं. पाठ्यपुस्तक बरं होतं, प्रशिक्षण झालेलं होतं, तक्ते भिंतीवर होते.

शिक्षकांची तब्येत आणि मुलांचं वाचन या तुमच्याकडे दोन वेगळ्या फायली आहेत. माझ्या स्टुलावर ती एकच गोष्ट आहे.

तब्येतीचं बोलायचं तर घशापासून सुरुवात करते. चार वर्षांपूर्वी माझा आवाज बसला तो महिना उलटला तरी उठेना. मी कुजबुजत शिकवत राहिले, मला वाटलं तेवढाच आराम. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं, स्वरतंतूंवर छोट्या गाठी होत्या. कुजबुजल्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण येऊ शकतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर दाखवून घ्यायचं असतं हेही. बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आदळतात. तासिकेतली फक्त दहा मिनिटं जरी प्रत्यक्ष आवाज लागला असं धरलं तरी एक लाख वीस हजार. अशा सहा तासिका. टाळ्या वाजवून बघा एवढ्या!

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले आणि शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण २८.८ टक्के, म्हणजे निम्मं. ही पाहणी करणाऱ्या संशोधकांपैकी काहींनी त्याआधी, २००२ मध्ये, आवाज दुखावलेल्या शिक्षकांचे गट केले होते. एका गटाला अंगावर वागवायचा छोटा माइक आणि स्पीकर दिला, दुसऱ्याला घसा कसा जपावा याचं मार्गदर्शन. माइकवाल्यांना स्पष्ट फरक पडला. नुसत्या मार्गदर्शनाने तसा पडला नाही. आम्हाला आजवर मिळालं ते मार्गदर्शन. त्याचं पत्रक माझ्या कपाटात आहे. गरम पाण्याच्या गुळण्या करा, असं त्यात लिहिलंय. गुळण्या कधी करायच्या ते वेळापत्रकात नाही.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवलं. त्याला त्याचंच नाव पडलं आहे. शेजारच्या वर्गाच्या बाई आवाज चढवतात म्हणून मी चढवते, मी चढवते म्हणून त्या. मधली भिंत पातळ आहे, वरून पंखा खडखडतो. शिकवणं चालू असताना वर्गातला बाकीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ३५ म्हणजे जवळजवळ वाचनालयातली शांतता. आमच्या वर्गाचा आकडा मी मोजलेला नाही आणि मोजायची गरजही वाटत नाही. माझ्या घशाचं सोडा, त्या मुलाचा विचार करा. 'द' आणि 'ध' यांत फरक आहे तो एवढ्याशा श्वासाचा. तो त्या कोलाहलात मागच्या बाकावर पोचतच नाही. जे कानाला वेगळं लागलं नाही ते डोळ्याला वेगळं कसं दिसेल?

पुढची गोष्ट लिहायला संकोच वाटतो, म्हणूनच लिहिते. आम्ही बायका शाळेत पाणी पीत नाही. बाटली टेबलावर असते, पण घोट मोजून घेतो, कारण प्यायलं तर जावं लागेल आणि गेलं तर अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग उघडा पडेल. त्यात काही झालं तर जबाबदारी माझी. १९९७ मध्ये शिक्षिकांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता : जायला लागू नये म्हणून कामावर पाणी कमी पिणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका दुपटीहून जास्त. स्टाफ रूममध्ये हे वाचून दाखवल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. प्रत्येकीकडे स्वतःची गोष्ट होती आणि एकीनेही ती आजवर तुम्हाला सांगितली नव्हती. पायांच्या फुगलेल्या शिरा, पाठ, रात्रीची झोप हे सगळं ओळीने मागोमाग येतं, त्याचा पाढा इथे वाचत नाही.

तणावाबद्दल मात्र एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर भरवलं होतं. शाळा सुटल्यावर, दोन तास, हजेरी सक्तीची, आणि दुसऱ्या दिवशी फोटोसकट अहवाल द्यायचा. व्याख्याते छान बोलले. दीर्घ श्वास घ्या म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईंनी दीर्घ श्वास घेत मांडीवरच्या सहा वह्या तपासल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या या पार गळून जाण्याची व्याख्या केली : कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, ज्याचं नीट व्यवस्थापन झालेलं नाही. अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं, अशी तीन लक्षणं तिथे दिली आहेत. कारण कामाच्या ठिकाणी आहे. माझ्या श्वासोच्छ्वासात नाही.

वह्यांचा विषय निघालाच आहे तर एक गुणाकार. अठ्ठेचाळीस मुलं, तीन विषय, एकशे चव्वेचाळीस वह्या. एका वहीला एक मिनिट धरलं तर दोन तास चोवीस मिनिटं. एका मिनिटात मी काय तपासणार? सही करते, तारीख टाकते, एखादा ऱ्हस्व-दीर्घ गोल करते. तपासणीला येणारे साहेब त्या सह्या मोजतात. ज्या मुलाला वाचताच येत नाही तो माझा लाल गोल आणि बाजूला लिहिलेली सूचना वाचणार कशी, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडत नाही. आठवड्याला प्रत्येक मुलाची एकच वही नीट, त्याला शेजारी उभं करून बघू द्या. बाकीच्यांवर सही नसली तर नसू द्या.

साहेबांवरून आठवलं. वर्गभेटीला आल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला एकदम उभं करून वाचायला लावू नका. तुमचा हेतू चांगला असतो, परीक्षा माझी घ्यायची असते, पण घाम त्याला फुटतो. त्या दिवसानंतर तो आठवडाभर पुस्तकाला हात लावत नाही. मी स्वतःही वर्गात ओळीने उभं करून प्रकट वाचन घ्यायचं बंद केलं आहे. ज्याला येतं त्याला त्याचा उपयोग नाही आणि ज्याला येत नाही तो आपली पाळी येईपर्यंत फक्त ओळी मोजत असतो. आधी माझ्यापाशी तीन दिवस सराव केलेला परिच्छेद असेल तर तो वर्गात आपण होऊन हात वर करतो. ही गोष्ट मी उशिरा शिकले. आधीच्या कितीतरी मुलांना मी उभं केलेलं आहे.

आणि तो शब्द. 'ढ'. असं सांगतात की ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकी अक्षरं बदलत गेली आणि ढ होता तसाच राहिला, म्हणून ज्याची प्रगती होत नाही तो ढ. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला आपण अक्षराचंच नाव द्यावं, ही क्रूर गंमत आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. हुशार, खेळात चपळ, नजर चांगली, पण वाचता येत नव्हतं. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. त्यात मला सगळ्यात भावलं ते त्या मुलाच्या मास्तरांचं म्हणणं : शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. निदान करणं डॉक्टरांचं काम होतं. पण मुलगा मठ्ठ नाही हे आधी मास्तरांना कळलं होतं, कारण त्यांनी त्याला काही वर्षं जवळून पाहिलं होतं. मला निदान करायचं नाही आणि करूही नये. नजर तपासा, कान तपासा, मग गरज असेल तर तज्ज्ञांकडे पाठवा, एवढं सांगण्याइतकं तरी मला मूल दिसलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, माणसं कुठून आणायची? बदली तास कुणी तरी घेतलाच पाहिजे. हे मला मान्य आहे. दोन वर्षं वेळापत्रकाचं काम माझ्याकडे होतं. एक चौकट हलवली की पाच हलतात, चित्रकलेचे सर दोन दिवसच येतात, मैदान एकच आहे, हे सगळं मी रात्री जागून सोडवलेलं आहे. म्हणूनच ठामपणे सांगते की आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वर्गशिक्षकाची एक चौकट लाल शाईच्या बाहेर ठेवता येते. प्रत्येकाची, फक्त माझी नाही. उरलेल्या ऑफ तासांवर हवे तर बदली तास टाका. एकाच माहितीचे तीन नमुन्यांत तीन तक्ते भरून घेता, त्यातले दोन बंद करा. दोन शेजारच्या वर्गांनी पाच मिनिटं एकमेकांकडे लक्ष ठेवायची रीत लावून द्या. 'मी जाऊन येते' म्हणणाऱ्या बाईला कारण विचारू नका. आणि ज्यांचा आवाज दुखावला आहे त्यांना माइक द्या, बक्षीस समारंभासाठी कपाटात ठेवलेला असतोच एखादा.

यात मी काही नवीन मागत नाही. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या. त्याच तारखेला जागतिक शिक्षक दिन असतो आणि तुम्ही आम्हाला फूल देता. फुलाबद्दल आभार. कधी तरी तो मूळ कागदही उघडून बघा. शिक्षक हा मोलाचा जाणकार आहे, त्याचा वेळ आणि शक्ती वाया जाऊ नये अशी कामाची मांडणी आणि मदत असावी, असं ८५ व्या कलमात म्हटलं आहे. लगेच पुढचं, ८६ वं कलम : वर्गात इतकीच मुलं असावीत की शिक्षकाला प्रत्येकाकडे लक्ष देता येईल, आणि मागे राहिलेल्यांसाठी अधूनमधून लहान गटात किंवा एकेकट्यालाही शिकवण्याची सोय करता येते. शिक्षकाची शक्ती आणि मागे राहिलेलं मूल, लागोपाठची दोन कलमं. ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापैकी कुणी तरी कधी तरी स्टूल ओढून बसलं असलं पाहिजे. शिक्षकांची वेळोवेळी मोफत वैद्यकीय तपासणी व्हावी हेसुद्धा त्यातच आहे, ५३ व्या कलमात.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगून पत्र पुरं करते. चमत्कार वगैरे झाला नाही. जोडाक्षरं अजून अडतात, लांब वाक्य आलं की शेवट अंदाजाने म्हणून टाकतो. पण कुठल्याही पुस्तकाबाहेरचा, मी न शिकवलेला, कुणी न वाचून दाखवलेला पहिला शब्द त्याने कधी वाचला तो दिवस मला आठवतो. मंगळवार होता. तो स्टुलावर येऊन बसला होता, पुस्तक उघडलं होतं, बोट ओळीवर. तेवढ्यात शिपाई वही घेऊन आला आणि माझ्यापुढे धरली. मी पेन शोधत होते. मुलगा मान वाकडी करून वहीत बघत होता. ओठ हलत होते. मी, का कोण जाणे, त्या दिवशी थांबले.

"ब... द... ली," तो म्हणाला. "बदली."

मग माझ्याकडे बघितलं, पुस्तक मिटलं आणि स्टूल जागेवर ठेवायला उठला.

आपली,
चौथीच्या वर्गाची बाई